दुसऱ्यांच्या वस्तू ऑनलाइन विकताना मेहनताना किती घ्यायचा? : मालवण तालुक्यातलं एक प्रकरण

मी बचत गटांच्या आणि लहान धंद्यांच्या हिशेबाच्या वह्या लावून देते. हे प्रकरण त्यातल्याच एका वहीतून आलेलं आहे. जिची ही गोष्ट, तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, रकमा वहीतल्याच आहेत. तिला इथे नुसतं ‘ताई’ म्हणते, गावात सगळे तेच म्हणतात.

पार्श्वभूमी

खाडीकाठचं गाव. ताईच्या नवऱ्याचं बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. २०२२ च्या पावसाळ्यात सासरच्या माळ्यावरची पितळी भांडी हिरवी पडायला लागली, म्हणून ताईने तिथली दोन पिंपं आणि एक परात फेसबुक मार्केटप्लेसवर टाकली. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याने दोन दिवसांत येऊन नेली. शेजारणीने ते पाहिलं आणि चतुर्थी उरकल्यावर तिची लोणच्याची बरणी, वरच्या वाडीतल्या आजोबांचा पेट्रोमॅक्स, कुणाची आरामखुर्ची असा माल ताईच्या पडवीत येऊ लागला.

आपल्याकडे हा माल का निघतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घर वर्षातून दोनदा उघडतं, चतुर्थीला आणि मे महिन्यात. मुलं मुंबईला, पुण्याला. चिऱ्याचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं की माजघरातलं सगळं खळ्यात येतं, आणि मग भंगारवाल्याचा टेम्पो. तेच घंगाळ पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फुलं ठेवायला हवं असतं, मालवणच्या रिसॉर्टला दाराशी हवं असतं. त्या दोघांमध्ये उभं राहायला कुणीतरी लागतं. ताई ते काम चांगलं करते: वस्तूचं माप घेते, वजन करते, खोच आणि चीर यांचेही फोटो काढते, आणि कल्हई उडालेली असेल तर तसं लिहिते. म्हणून गिऱ्हाईक परत येतं.

पहिल्या चार-पाच वस्तूंचं तिने काही घेतलं नाही. मग नवऱ्याच्या सांगण्यावरून दहा टक्के घ्यायला लागली. दहाच का, तर जागेच्या व्यवहारात लोक दोन टक्के देतात, त्याच्या पाचपट म्हणजे भरपूर, असं त्याचं गणित. जमिनीचा व्यवहार लाखांचा असतो आणि बरणी आठशेची, एवढं साधं तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

अडचण

आठ महिन्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे आली. एकेचाळीस वस्तू घेतल्या, सव्वीस विकल्या गेल्या. विक्री ₹६८,४००, तिचे दहा टक्के ₹६,८४०. खर्च ₹३,९००, आणि त्यातले ₹१,८०० एकाच फुटलेल्या बरणीचे. बरणी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ठाण्याला जाताना फुटली. मालकिणीला पैसे आधीच दिले होते, ते परत मागायचे कसे? गिऱ्हाइकाला पूर्ण रक्कम परत केली ती ताईने, स्वतःच्या खिशातून.

उरले ₹२,९४०. मी तिला विचारलं, वेळ किती गेला? तिने एक महिनाभर टिपून ठेवला होता. विकल्या गेलेल्या वस्तूला सरासरी साडेतीन तास: पुसणं, फोटो, माप, ‘लास्ट प्राइस किती’ या प्रश्नाला दहा वेळा उत्तर, पॅकिंग, गाडीपर्यंत पोचवणं. न विकलेल्या वस्तूलाही दोन तास जातातच. सगळे मिळून एकशे एकवीस तास, म्हणजे तासाला ₹२४. गावातल्या काजूच्या कारखान्यात बसली असती तर याहून जास्त मिळाले असते.

मी त्या सव्वीस वस्तूंचे दोन भाग करायला सांगितले. दीड हजारांच्या आतल्या सतरा आणि वरच्या नऊ. सतरा वस्तूंवर साठेक तास गेले आणि मिळाले ₹१,४९०. नऊ वस्तूंवर एकतीस-बत्तीस तास गेले आणि मिळाले ₹५,३५०. या दोन ओळी शेजारी लिहिल्या तेव्हा ताई बराच वेळ काही बोलली नाही. स्वस्त वस्तूला महागापेक्षा कमी काम लागतं असं आपण धरून चालतो. ते लागत नाही. आठशेच्या बरणीला पॅकिंग उलट जास्तच लागतं.

दुसरं दुखणं पैशांचं नव्हतं. एका घरातलं लंबकाचं घड्याळ तिने ₹६,५०० ला विकलं. मालक म्हणाले होते, “येतील ते घे.” महिन्याभराने त्यांच्या पुतण्याला तसंच दिसणारं घड्याळ कुठेतरी अठरा हजारांच्या जाहिरातीत दिसलं. बाजारात भर चार माणसांत त्याने तिला विचारलं, “आमचा घड्याळ तू साडेसहा हजाराक इकलंस?” जाहिरातीतला भाव म्हणजे मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. ते घड्याळ पुढे दोन महिने तसंच पडून होतं, हे ताईने मला नंतर दाखवलं. पण त्या दिवशी तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता. किमान भाव कुठेच लिहिलेला नव्हता. साडेसहाशे रुपयांसाठी तिने चोरीचा आळ ऐकून घेतला, आणि मला त्याचा अजून राग येतो.

तेवढ्यात एक मोठं घर आलं. तीन भावांचं सामायिक घर, मे नंतर पाडायचं होतं. थोरले डोंबिवलीला, मधले वारलेले आणि त्यांची पत्नी पुण्याला, धाकटे कणकवलीला. वस्तू साठच्या वर. थोरल्यांनी फोनवर सांगून टाकलं, “दहा टक्केच मा? मगे सगळाच घेवन जा.”

ताईला हो म्हणायचं होतं. मी तिला आठवडाभर थांबायला सांगितलं.

समोरचे पर्याय

पहिला विचार सरळ होता: सगळ्यांना तीस टक्के. हिशेब सोपा, सांगायला सोपा. पण पंचवीस हजारांच्या पलंगावर साडेसात हजार मागितले तर मालक दुसरीकडे जाणार, आणि आठशेच्या बरणीवरचे दोनशे चाळीस ताईला तरीही पुरणार नाहीत. म्हणजे परवडणारा माल जाईल आणि न परवडणारा पडवीत राहील.

दुसरा, वस्तूमागे ठराविक दीडशे-दोनशे आधीच घ्यायचे, विको न विको. कामाच्या दृष्टीने हेच सगळ्यात न्याय्य, कारण काम विक्रीआधीच झालेलं असतं. पण गावात ‘विकलं नाही तरी पैसे घेतले’ हे एकदा तोंडी लागलं की संपलं. शिवाय मग विकायची निकडही कमी होते, ताईने हे स्वतःच बोलून दाखवलं.

तिसरा म्हणजे माल स्वतः विकत घेऊन विकणं. भांडवल नव्हतं हे एक कारण झालंच. मोठं कारण वेगळं. लोक ताईला भाव विचारतात. जिला भाव विचारायचा तिनेच त्या भावाने विकत घ्यायचं, हे बरोबर नाही. भारतीय करार कायदा १८७२ मध्ये प्रतिनिधीवर, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्यावर, एक सबंध प्रकरण आहे. त्याची २१५ आणि २१६ ही कलमं याच जागी बोट ठेवतात: मालकाला न सांगता प्रतिनिधीने स्वतःच्या फायद्यासाठी तोच व्यवहार केला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो किंवा त्यातला फायदा मागू शकतो. ताई हा कायदा वाचलेली नव्हती. तरी तिने हा पर्याय सगळ्यात आधी खोडला.

चौथा पर्याय तिच्या नवऱ्याचा लाडका होता, आणि आपल्याकडे गाड्यांच्या व्यवहारात सर्रास चालतो: “तुमका किती हवेत ता सांगा, वरचे आमचे.” यात मालक खूश, मध्यस्थ खूश. पण वरचे किती होते हे मालकाला कधीतरी कळतंच. घंगाळाचे दोन हजार मागणाऱ्या म्हातारीला ते पाच हजारांना गेल्याचं कळलं, तर तिने मान्य केलेलं असूनही ती फसवल्यासारखीच वाटून घेणार. आणि तिचं काय चुकलं? वस्तूची किंमत तिला ठाऊक नव्हती, ताईला होती. मी या पर्यायाला ठाम विरोध केला. नवरा-बायकोत त्यावरून दोन दिवस अबोला झाला हे मला मागाहून कळलं.

पाचवा, थोडा गुंतागुंतीचा: टप्प्यांचा दर. पहिल्या काही रकमेवर जास्त टक्के, पुढच्यावर कमी. याचा पहिला तक्ता ताईने स्वतः केला. दोन हजारांपर्यंत ३५ टक्के, त्यावरच्या वस्तूला २० टक्के. दिसायला छान. पण दोन हजारांच्या वस्तूवर तिला ₹७०० मिळणार होते आणि एकवीसशेच्या वस्तूवर ₹४२०. म्हणजे जास्त भावाला विकलं की तिचं नुकसान! मालकाला हे लक्षात आलं तर तो म्हणेल, मुद्दाम कमी भावाला दिलंस. म्हणून टक्का पूर्ण किमतीवर न लावता प्राप्तिकरासारखा लावायचा, त्या त्या टप्प्यातल्या रकमेवरच, असं आम्ही केलं.

काय ठरलं

विक्रीच्या रकमेतल्या पहिल्या दोन हजारांवर ३५ टक्के. पुढे दहा हजारांपर्यंतच्या रकमेवर २० टक्के. दहा हजारांवरच्या रकमेवर १० टक्के. वस्तूमागे कमीत कमी ₹३५०. त्या घड्याळाला हा दर लागता तर ₹१,६०० झाले असते.

सातशेच्या आतली वस्तू सुटी घ्यायची नाही. चार विळ्या, सहा कंदील, शेर-पायलीची मापं असा संच करून घ्यायची.

घरी जाऊन पाहणी आणि यादी करायचे फेरीला ₹५००, एका फेरीत साधारण वीस-पंचवीस वस्तू. ही रक्कम आधी घ्यायची की पहिल्या विक्रीतून वळती करायची यावर आमचं एकमत झालं नाही. मी आधी म्हणत होते. ताईला तोंड उघडवेना. “आपल्याच माणसांकडे दारात उभं राहून पाचशे कसे मागू?” शेवटी तिच्या मनाप्रमाणे झालं: पहिल्या विक्रीतून वळती, आणि मालकाने सगळाच माल मागे घेतला तर रोख. भीड भिकेची बहीण हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं.

वाहतूक आणि पॅकिंग गिऱ्हाइकाकडून वेगळं, आणि टक्केवारी त्या रकमेवर लावायची नाही. चिनी मातीची आणि काचेची वस्तू गाडीने पाठवायची नाही, येऊन न्यायची. ज्याला तरीही हवी त्याने ‘फुटली तर माझी’ असं मेसेजवर लिहून द्यायचं.

तांब्या-पितळेच्या वस्तूला मोडीची कसोटी. भांडं काट्यावर चढवायचं, त्या दिवशीचा मोडीचा भाव लिहायचा, आणि ताईचा मेहनताना वजा जाता मालकाच्या हातात मोडीपेक्षा जास्त पडत नसेल तर ते भांडं घ्यायचंच नाही. ही अट ताईची. सगळ्या तक्त्यात मला हीच सगळ्यात आवडते, कारण मेहनताना जास्त आहे की रास्त हे ती मालकाला त्याच्याच आकड्यात दाखवते.

प्रत्येक वस्तूसमोर किमान भाव, मालकाच्या संमतीने. पंचेचाळीस दिवसांनी एकदाच १५ टक्के खाली, तेही विचारून. नव्वद दिवसांनी माल परत. ‘मुदतीत नेला नाही तर माल आमचा’ असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं, ते आम्ही घातलं नाही. मुंबईची माणसं चतुर्थी आणि मे महिन्याशिवाय येत नाहीत. त्यांच्या न येण्यावर ताईचा हक्क उभा राहू नये.

गिऱ्हाइकाला वस्तू पोचल्यापासून सात दिवसांत मालकाला पैसे, सोबत गिऱ्हाइकाच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि चिठ्ठी. मागितल्यावर हिशेब देणं हे करार कायद्याच्या कलम २१३ नुसार प्रतिनिधीचं कर्तव्यच आहे, इथे न मागता द्यायचा. आणि सगळा माल विकून होईपर्यंत थांबायची गरज नाही. विकल्या गेलेल्या वस्तूच्या पैशांतून आपला मेहनताना राखून ठेवायला कलम २१९ मुभा देतं.

सीएंनी दोन गोष्टी सांगितल्या. जीएसटीत पावती कोणाच्या नावाने फाडली जाते याला फार महत्त्व आहे, तेव्हा चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि ‘यांच्या वतीने’ हे शब्द हवेतच. आणि राज्याबाहेर माल पाठवायला लागलीस तर आधी मला विचार. म्हणून गोव्याचं गिऱ्हाईक आलं तर ते इथे येऊन, पैसे देऊन, स्वतः माल घेऊन जातं.

आणखी एक. पैसे ‘पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे, स्वतःला लष्करातले म्हणवणारे लोक ताईलाही दोनदा भेटले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिने दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं आहे.

मोठ्या घरातली यादी

तीन फेऱ्यांत चौसष्ट वस्तूंची यादी झाली. त्यातल्या सात ताईने पहिल्याच फेरीत बाजूला ठेवल्या.

सांबराच्या शिंगांच्या दोन जोड्या ओटीवर होत्या. थोरल्यांना वाटत होतं सगळ्यात जास्त पैसे त्यांचेच येतील. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे त्यांची विक्री करताच येत नाही. विक्री तर दूरच, मालकीचा दाखला नसेल तर घरात असणंही अडचणीचं. हस्तलिखित पोथ्यांची तीन बासनं होती, आणि देवघरातल्या दोन धातूच्या मूर्ती, पणजोबांच्याही आधीच्या. पुरावशेष आणि कलानिधी कायदाही १९७२ चाच. त्यात वस्तूला शंभर वर्षांची आणि महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षांची मर्यादा आहे, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. ताईकडे तो नाही.

भाव यावा म्हणून जाहिरातीत लोक सरसकट ‘दीडशे वर्षं जुनं’, ‘अँटिक’ असं लिहितात. खरं असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने कायद्याखाली जाता, खोटं असेल तर गिऱ्हाइकाला फसवता. ताई लिहिते: शिसवी पलंग, घरातल्या लग्नासाठी १९५० च्या दशकात इथल्याच सुताराकडून करून घेतलेला, लांबी-रुंदी अमुक, एक पाय बदललेला. त्याने भाव पडल्याचं मला दिसलं नाही.

यादी किमान भावांसकट आणि दरपत्रकासकट तिन्ही घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली. तिघांकडून ‘मान्य’ असं लिहून हवं होतं. आणि तिथे जे झालं त्याची आम्हाला कल्पना नव्हती. चार दिवस त्या ग्रुपवर वस्तूंचेच फोटो आणि त्यांच्या आठवणी. झोपाळ्याचा फोटो पाहून पुण्याच्या काकूंनी लिहिलं, या झोपाळ्यावर माझं पहिलं डोहाळजेवण झालं. झोपाळा निघाला यादीतून. समई, गणपतीचा पाट, जातं, एक एक करत अकरा वस्तू निघाल्या. झोपाळ्याला बावीस हजार येतील असा अंदाज होता. ताईचे त्यावर ₹३,५०० झाले असते.

नवरा हळहळला. ताई म्हणाली, बरं झालं. मला तिचं पटलं, पण हिशेबनीस म्हणून हेही सांगते: फेरीचे पाचशे नेमके यासाठीच असतात. यादी करणं हे विक्रीइतकंच काम आहे, आणि कधी कधी त्या कामाचा शेवट वस्तू घरातच राहण्यात होतो.

दोन मोठे तांब्याचे हंडे मोडीच्या कसोटीत अडकले. सहा-सहा किलोचे, मोडीत प्रत्येकी ₹३,३०० येत होते. गिऱ्हाईक चार हजारांच्या वर जाईना. त्यातून ताईचे ₹१,१०० गेले की मालकाला ₹२,९०० उरणार. तिने धाकट्यांना सांगितलं, हे तुम्ही मोडीतच घाला. तिला त्यात काही मिळालं नाही. मिळाला तो धाकट्यांचा विश्वास. बाकी वस्तूंच्या किमान भावांवर त्यांनी पुन्हा प्रश्न विचारला नाही.

परिणाम

उरलेल्या चव्वेचाळीसपैकी सतरा लहान वस्तूंचे पाच संच केले, सत्तावीस सुट्या. म्हणजे बत्तीस नग. पाच महिन्यांत चोवीस विकले गेले. शिसवी पलंग ₹२८,०००, दोन आरामखुर्च्या मिळून ₹१३,५००, बंब ₹५,५००, घंगाळ ₹४,८००, जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ₹३,५००, पाच कळश्या प्रत्येकी ₹२,८००, बाकी किरकोळ. एकूण ₹८७,४००.

ताईचा मेहनताना ₹२१,६९५ आणि तीन फेऱ्यांचे ₹१,५००. विक्रीच्या तुलनेत मेहनताना पावणेपंचवीस टक्क्यांच्या आसपास पडला. मालकांच्या हाती ₹६४,२०५. ताईचा स्वतःचा खर्च ₹२,३०० आणि वेळ एकशे अठरा तास, म्हणजे तासाला साधारण ₹१७७. जुन्या दराने तिला ₹८,७४० मिळाले असते.

दराबद्दल तक्रार एकच आली, थोरल्यांची, आणि तीही पलंगाबद्दल नाही. नऊशेच्या एका पेटीवर साडेतीनशे घेतले हे त्यांना खटकलं. ताईने त्या पेटीसाठी पाठवलेले सगळे मेसेज मोजून दाखवले, बावीस होते. ते पुढे बोलले नाहीत, पण पटलं असं म्हणता येणार नाही. लहान वस्तूवरचा मोठा टक्का डोळ्यात खुपतोच. माझ्या मते तिथे टक्का लिहूच नये, ‘वस्तूमागे साडेतीनशे’ एवढंच लिहावं, कारण ते तसंच आहे.

जे वेगळं करता आलं असतं

पैशांच्या बाजूने एकच: फेरीचे पाचशे आधी घ्यायला हवे होते. मोठ्या घराने ते चोख दिले, पण त्यानंतरच्या दोन घरांनी यादी करून घेतली, भाव समजून घेतले आणि मग स्वतःच जाहिरात टाकली. ताईचेच फोटो वापरून. रोख मागायला ताई गेली नाही.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे, आणि त्यात माझा हात आहे. संमतीचा कागद मी केला होता. त्यावर सह्यांच्या तीन ओळी होत्या, तीन भावांच्या. घंगाळ विकलं जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा सावंतवाडीहून या भावांची बहीण आली. पंच्याहत्तरीच्या आत्या. त्या ग्रुपवर नव्हत्या, त्यांच्याकडे साधा फोन आहे. पडवीत बसून त्या एवढंच म्हणाल्या, “ता माझ्या आवशीचा घंगाळ. माका कोणी इचारल्यान नाय.”

आईच्या वस्तूत लेकीचा मुलांइतकाच वाटा असतो. वडिलोपार्जित मालमत्तेतही लेकींना जन्मतः हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती २००५ ची आहे. हे मला माहीत होतं. बचत गटाच्या बैठकांत मीच हे बायकांना सांगत असते. तरी कागद करताना माझ्या डोळ्यांसमोर तीन भाऊच आले, कारण घर ‘तीन भावांचं’ असंच सगळे म्हणत होते आणि मीही तसंच म्हटलं.

ताईने ठाण्याच्या गिऱ्हाइकाला फोन केला. जास्त पैसे देऊ केले, पाठवायचा-आणायचा खर्चही. त्यांनी घंगाळ मुलीच्या नव्या घरात दिलं होतं, ते परत मागणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांची चूक नाही. ताईने त्या घंगाळावरचा मेहनताना, ₹१,२६०, आत्यांना द्यायला नेला. त्यांनी घेतला नाही. चहा दिला आणि परत पाठवलं.

आता कागदावर ओळी मोजून ठेवलेल्या नाहीत. वर एक प्रश्न आहे: ‘या घरातल्या लेकी कोण कोण, आणि त्यांना यादी कोणी वाचून दाखवली?’ त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय ताई फोटो काढत नाही. फोनवर यादी वाचून दाखवायला अर्धा-पाऊण तास जातो. तो वेळ कुठल्या दरात धरायचा यावर आमचं अजून ठरलेलं नाही. सध्या ती तो धरत नाही.

फेरीचे पाचशे मात्र या मे महिन्यापासून ती दारातच घेते. पहिल्या पाच घरांपैकी दोघांनी नाही म्हटलं.